गैरहजर डिस्क आणि खिशातली चिठ्ठी

सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान आणि त्यावर मोत्यासारखं अक्षर. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी संगणक टेबलावरून उतरवला, मागच्या सगळ्या वायरी काढल्या आणि पुसून-झटकून पुन्हा जशाच्या तशा लावल्या. तेव्हापासून बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटतात आणि गाडी तिथेच अडते. गावातला दुरुस्तीवाला म्हणाला, ‘हार्ड डिस्क उडाली, नवी टाकावी लागेल.’ मुंबईचा भाचा फोनवर म्हणाला, ‘मावशी, आधी बायोस रिसेट कर.’ बाईंचा प्रश्न एका ओळीचा होता: बायोस रिसेट केलं तर नातवाच्या बारशाचे फोटो पुसले जातील का?

नाही जाणार. फोटो डिस्कवर असतात आणि रिसेटचा हात तिथवर पोचत नाही. एवढं कळवून मोकळं होता आलं असतं. पण बाईंनी पेशाला जागून पडद्यावरची अक्षरं स्पेलिंगसकट उतरवून पाठवली होती: ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. यात डिस्क उडाल्याचं कुठे म्हटलंय? पुन्हा सुरू करा आणि योग्य साधन निवडा, इतकंच यंत्र म्हणतंय. दुरुस्तीवाल्यानं प्रश्न न वाचताच उत्तर लिहिलं होतं. मग मला राहवेना.

नाट्यगृहात आपण वडा संपवून खुर्चीत येऊन बसतो, त्या वेळी पडद्यामागे एक माणूस यादी घेऊन धावत असतो. दिवे लागतात का, माइक चालतो का, दिवाणखान्याचा सोफा जागेवर आहे का, मंडळी आली का. सगळ्यांची हजेरी लागली की तिसरी घंटा होते, पडदा वर जातो आणि हा माणूस विंगेत दिसेनासा होतो. बायोस म्हणजे तो माणूस. संगणकाचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तोच जागा होतो. प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड बघतो, डिस्कांना हाका मारतो, त्यातल्या एकीचं पहिलं पान मेमरीत आणून ठेवतो आणि रंगमंच तिच्या हवाली करतो. पुढे विंडोज किंवा लिनक्स, जे काय नाटक असेल ते.

या माणसाकडे दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे अंगात मुरलेली शिस्त. हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला प्रोग्राम. दुसरी म्हणजे खिशातली चिठ्ठी: आज तारीख काय, पहिली हाक कोणाला मारायची, कोणत्या डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं. बायोस रिसेट करायचं म्हणजे ही चिठ्ठी फाडायची आणि कंपनीनं सुरुवातीला दिलेल्या छापील चिठ्ठीवर काम चालवायचं. संहिता नटाच्या डोक्यात असते. चिठ्ठी फाटल्यानं तो संवाद विसरत नाही.

इथे मला थोडं भरकटायची परवानगी द्या, कारण विंगेतल्या या माणसाचं बारसं ज्यांनी केलं तेही आयुष्यभर विंगेतच राहिले.

गॅरी किल्डॉल कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत. १९७४ च्या सुमारास त्यांनी लहान संगणकांवर फ्लॉपी डिस्क हाताळणारी सीपी/एम ही कार्यप्रणाली लिहिली. अडचण अशी होती, की प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं आणि त्याला डिस्क जोडायची तऱ्हाही वेगळी. दर वेळी सगळं नव्यानं कोण लिहिणार? किल्डॉल यांनी कार्यप्रणालीचे तुकडे पाडले. यंत्राच्या लोखंडाशी थेट बोलणारा भाग अगदी चिमुकला करून बाजूला काढला. नवं यंत्र आलं की तेवढाच बदलायचा. उरलेली सगळी हुशारी सगळ्या यंत्रांवर सारखीच. चिमुकल्या तुकड्याला त्यांनी नाव दिलं बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती कोणाला तरी सुचावी लागली असेल, हेच आपण विसरतो.

पुढची कथा संगणकाच्या दुनियेत कीर्तनासारखी सांगितली जाते. १९८० मध्ये आयबीएमची माणसं किल्डॉल यांच्या दारात आली, तेव्हा म्हणे ते विमान उडवायला गेले होते आणि त्यामुळे अब्जावधींचा सौदा बिल गेट्स यांच्याकडे गेला. विमानाचा छंद त्यांना होता हे खरं. पण त्या दिवशी आपण कामासाठीच गेलो होतो, असं ते सांगत. गोपनीयतेच्या एकतर्फी कराराचं घोडंही तिथे अडलं होतं. मायक्रोसॉफ्टनं सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीकडून सीपी/एमच्या वळणावर बेतलेली कार्यप्रणाली विकत घेतली आणि आयबीएमला दिली. किल्डॉल यांची नवी सीपी/एमसुद्धा आयबीएमनं विक्रीला ठेवली, पण २४० डॉलरला. शेजारी मायक्रोसॉफ्टची डॉस ४० डॉलरला. गिऱ्हाइकानं काय उचललं असेल ते सांगायला नको.

गंमत अशी, की सौदा गेला तरी शब्द राहिला. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या आत सुरुवातीचा प्रोग्राम एका चिपमध्ये कोरलेला होता आणि त्याला आयबीएमनं बायोसच म्हटलं. यंत्राचे बाकीचे भाग बाजारात कोणालाही मिळत. स्वतःचा म्हणावा असा दागिना म्हणजे हा प्रोग्राम. त्याचा मजकूर आयबीएमनं तांत्रिक पुस्तिकेत छापलाही होता. वाचायला मुभा, उतरवायला बंदी. मग कॉम्पॅक कंपनीनं अस्सल वकिली डोकं लढवलं. एका गटानं आयबीएमचा बायोस वाचून तो काय-काय करतो याची नुसती यादी केली. दुसऱ्या गटानं मूळ मजकूर डोळ्यांनीही न बघता त्या यादीवरून नवा लिहिला. फिनिक्स कंपनीनं हाच मार्ग धरून १९८४ पासून आपला बायोस इतर कंपन्यांना विकायला काढला. १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जियाला एस. शंकर आणि पॅट सरमा यांनी अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी सुरू केली; जुन्या संगणकाच्या पहिल्या पडद्यावर हे नाव तुम्ही वाचलं असेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग गोळा करून ‘असेंबल्ड’ संगणक बांधता आला, तो या विकतच्या बायोसच्या जोरावर.

किल्डॉल १९९४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी गेले. पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्यांच्या कंपनीच्या जुन्या वास्तूजवळ स्मृतिफलक लागायला २०१४ उजाडावं लागलं. असो. बाई वाट बघत आहेत.

बाईंना मी तीन प्रश्न कळवले. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ चं बटण टकटक दाबत राहा, म्हणजे बायोसचा पडदा उघडेल. तिथे काही बदलू नका, फक्त वाचा. पहिला प्रश्न: तारीख काय दिसते? दुसरा: डिस्कांच्या यादीत कोणाकोणाची नावं आहेत? आणि तिसरा: सीपीयूच्या डब्याला कान लावल्यावर काय ऐकू येतं?

हार्ड डिस्क हरवलेली असताना तारीख कशाला विचारायची? कारण चिठ्ठी आणि घड्याळ एकाच खिशात असतात. १९८१ च्या पीसीत चिठ्ठी नव्हतीच. बोर्डवरचे बारके खटके वर-खाली करून यंत्राला त्याचं सामान सांगावं लागे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये आयबीएमनं घड्याळाची एक चिप बसवली आणि तिच्यात होती ६४ बाइटांची स्मृती. त्यातले १४ बाइट घड्याळाच्याच कामाचे. उरलेल्या ५० मध्ये संगणकाचा सगळा संसार. वीज गेली तरी हे टिकावं म्हणून त्या चिपला बॅटरी. ही स्मृती सीमॉस जातीची होती, म्हणून दुकानदार आजही त्या सेलला ‘सीमॉस बॅटरी’ म्हणतात.

सीमॉसची युक्ती फ्रँक वॉनलास यांनी फेअरचाइल्ड कंपनीत १९६३ मध्ये मांडली. दोन उलट स्वभावाचे ट्रान्झिस्टर असे जोडायचे की एक उघडला की दुसरा बंद. शून्याचा एक होताना किंवा एकाचा शून्य होताना काय तो घोटभर प्रवाह लागतो. स्वस्थ बसल्यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून तर नाण्याएवढा सेल काही वर्षं पुरतो. त्या सेलवरचा आकडा बघा: २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. नावातच मापं सांगणारी वस्तू मला फार आवडते.

शेजारी चंदेरी नळीत क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा कुठून आला? ३२,७६८ चे निम्मे करा, पुन्हा निम्मे करा, असं पंधरा वेळा केलं की हातात राहतो एक. म्हणजे निम्मे करणारी साधी मंडलं पंधरा जोडली की दर सेकंदाला एक ठोका मिळतो, भागाकाराचं वेगळं यंत्र लागत नाही. तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा थरथरतो आहे.

आता बाईंच्या दिवाळीकडे या. सेल संपला तरी ते लगेच कळत नाही. टेबलावरच्या संगणकाची पिन भिंतीत असेल आणि बटण चालू असेल, तर संगणक बंद असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. घड्याळ आणि चिठ्ठी त्या उष्ट्यावर जगतात. सेल मेलेला आहे हे उघडकीला येतं वर्षातून एकदा, जेव्हा साफसफाईसाठी पिन काढली जाते. माझ्या घरी हे झालं तेव्हा संगणक सुरू तर झाला, पण बँकेचं संकेतस्थळ उघडेना; ब्राउझर म्हणे, हे ठिकाण सुरक्षित नाही. मी तासभर इंटरनेटवाल्याला दोष दिला. मग कोपऱ्यातलं साल दिसलं: २००९. यंत्राच्या मते बँकेचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. सेल काढून मीटर लावला; तीन व्होल्टच्या जागी दोनच्याही खाली. सेल बदलला आणि बँक पुन्हा विश्वासू झाली.

दुसरा प्रश्न यादीचा. हजेरीच्या वेळी बायोस डिस्कला विचारतो, ‘तू कोण?’ डिस्क उत्तरादाखल ५१२ बाइटांचं ओळखपत्र पुढे करते. त्यात मॉडेलच्या नावाला ४० अक्षरं, अनुक्रमांकाला २० आणि एकूण साठ्याचा हिशेब. मजा म्हणजे यातली अक्षरं जोडीजोडीनं उलटी ठेवलेली असतात. रायगड लिहायचं तर यराडग. सोळा बिटांच्या घरात आधी कोणत्या बाजूचं अक्षर भरायचं, याबद्दलचा हा जुना दंडक. कोणी तो मोडला नाही आणि प्रत्येक बायोस निमूटपणे अक्षरं सुलटी करून वाचतो.

यादीत डिस्कचं खरं नाव आणि खरा आकार दिसत असेल तर अर्धी काळजी मिटली. कारण ओळखपत्र देण्याआधी डिस्कच्या आत बरंच काही सुरळीत पार पडलेलं असतं. नाव दिसतं पण संगणक तिच्यावरून सुरू होत नसेल, तर दोष बहुधा हाक मारण्याच्या क्रमात किंवा पद्धतीत असतो. नावच नसेल तर आधी संशय वायरीवर. साटा केबलचं टोक साधारण पन्नास वेळा काढ-घाल करण्याच्या हिशेबानं बनवलेलं असतं. ते चार्जरसारखं रोज ओढायची वस्तू नव्हे. वीज बंद करा, केबल काढून पुन्हा दाबून बसवा, दुसरी लावून बघा, मदरबोर्डवरचं दुसरं भोक बघा. नवा एम-डॉट-टू एसएसडी लावल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल तर मदरबोर्डची पुस्तिका काढा. कित्येक बोर्डांवर एम-डॉट-टूची खाच आणि एखादं साटाचं भोक एकाच रस्त्यावर असतात. एक आत आला की दुसऱ्याला बाहेर काढतात.

सगळ्यात नामी प्रकार तिसऱ्या पट्टीचा. डिस्कच्या वीजजोडणीत पंधरा पट्ट्या असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, पण हार्ड डिस्का ती वीज क्वचितच वापरत. मग नव्या नियमावलीत तिसऱ्या पट्टीला वेगळं काम दिलं: इथे वीज आली की डिस्कनं गप्प झोपायचं. हजारो डिस्का असलेल्या केंद्रात एखादी अडकली तर दूर बसून तिला बंद-चालू करता यावं, हा हेतू. पण घरचा जुना पॉवर सप्लाय त्या पट्टीवर कायमच ३.३ व्होल्ट देतो. परिणामी कोरी करकरीत, मोठ्या क्षमतेची डिस्क लावावी तर ती जागीच होत नाही. दुकानदार म्हणतो, मेलेली आली. उपाय काय? त्या एका पट्टीवर उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा.

नाव बरोबर, पण आकार भलताच, असंही होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात लोकांनी मोठी डिस्क लावली तरी संगणक ५२८ मेगाबाइटच्या वर मोजेना. दोन कारकुनांच्या दोन वह्यांचा हा घोळ. बायोसच्या वहीत डिस्कचे १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर लिहायला रकाने होते. डिस्कच्या वहीत सिलिंडर ६५,५३६, हेड मात्र १६ आणि सेक्टर २५५. प्रत्येक रकान्यात धाकटा आकडा चालणार. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३, प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा: ५२,८४,८२,३०४. दोघांनी आपापल्या जागी ऐसपैस सोय केली आणि मिळून खोली केवढीशी उरली! नंतर हे तीन रकाने सोडून सेक्टरांना सरळ शून्य, एक, दोन असे क्रमांक दिले गेले तेव्हा ही भिंत पडली.

तिसरा प्रश्न कानाचा. निरोगी हार्ड डिस्क आधी घूं करत चढत जाते आणि एका सुरावर स्थिरावते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. पेटीवर पांढरी एकच्या जरा खाली. मग एक-दोन बारीक खुट-खुट, म्हणजे वाचक डोकं कामाला लागलं. काहीच आवाज नसेल तर वीज पोचत नाही किंवा मोटर अडकली (एसएसडीला अर्थातच आवाज नसतो). ठरावीक लयीत खट्‌… खट्‌… खट्‌ येत असेल तर डोकं आपली खूण शोधतंय आणि ती सापडत नाही. अशा वेळी ताबडतोब वीज बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं म्हणजे मोडक्या पायानं जिने चढणं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे महाभाग अजून भेटतात. आत दव धरतं, बाकी काही होत नाही. सर्किटची पट्टी दुसऱ्या डिस्कवरून उचलून लावायचा उपायही आता सरळ चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या डोक्यांचे बारीकसारीक स्वभाव कारखान्यात मोजून त्या पट्टीवरच्या चिपमध्ये लिहिलेले असतात. शिवाय डिस्कच्या स्वतःच्या प्रोग्रामचा मोठा भाग तिच्या तबकड्यांवरच असतो. म्हणजे वाचायचं कसं, हेही तिला वाचूनच कळतं.

आता भाच्याचा सल्ला. ‘रिसेट करा, सगळं ठीक होईल’ असं सांगणारे व्हिडिओ पोत्यानं मिळतात. पिन काढा, सेल काढा, बटण दाबून उरलीसुरली वीज जिरवा, नाहीतर बोर्डवरच्या दोन पिना जंपरनं क्षणभर जोडा. हे सगळं खरं आहे आणि कोणी नको ती सेटिंग बदलून ठेवली असेल तर उपयोगीही. पण चिठ्ठी फाडण्याआधी ती वाचावी, मोबाइलवर तिचे फोटो काढावेत. डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआय होती की रेड, जुन्या तऱ्हेनं सुरुवात होत होती की यूईएफआय या नव्या तऱ्हेनं, हे रिसेटनं बदललं तर कालपर्यंत धडधाकट असलेलं विंडोज आज उठत नाही. आणि नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर बायोसशी खेळल्यावर तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती आधी शोधून ठेवा; फोटो पुसले गेले नसले तरी किल्लीवाचून ते पुसल्यासारखेच. आणखी एक: बायोसला डिस्क दिसते, विंडोजलाही ती दिसते पण ते ‘इनिशियलाइज करू का?’ असं विचारतं, तेव्हा आत काही ठेवलेलं असेल तर उत्तर ‘नाही’.

शिस्त आणि चिठ्ठी यांतला फरक जगाला एकदा फार महागात कळला. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या विषाणूनं असंख्य संगणक आडवे केले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं तो लिहिला होता. चिठ्ठीशी त्याला कर्तव्य नव्हतं. जमेल तिथे तो बायोसचा प्रोग्रामच खोडायचा आणि डिस्कची सुरुवात शून्यांनी भरायचा. सेल काढून अशी यंत्रं उठणं शक्य नव्हतं, चिप बदलावी लागे. पण तेव्हाही डिस्कवर पुढचा बराचसा मजकूर जागेवर होता. गेली होती ती अनुक्रमणिका. जाणकारांनी तो मजकूर अनेकांना परत काढून दिला.

बाईंचं दुसरं पत्र आठवड्यानं आलं, पुन्हा पाठकोऱ्या पानावर. तारीख: १ जानेवारी २०१०. आवाज: ‘घूं, मग खुट-खुट. तुम्ही लिहिल्याप्रमाणेच.’ यादीत दोन डिस्का. एक मूळची आणि एक मुलानं पुढे कधीतरी जास्तीची जागा म्हणून बसवलेली. हाकेच्या क्रमात ही धाकटी वर आली होती. तिच्यावर विंडोज नाहीच, तर ती उठून काय बोलणार? सेल मेलेला, दिवाळीला पिन निघाली आणि चिठ्ठी कोरी झाली. भाचा जे करायला सांगत होता ते यंत्रानं आपणहोऊन केलं होतं, आणि बिघाड तोच होता.

घड्याळवाल्याकडून सेल आणून बाईंनी बसवला, क्रम बदलला, एफ-१० दाबून जतन केला. बारशाचे फोटो दिसले. पत्रासोबत त्यांनी ते पहिलं, पडद्यावरून उतरवलेलं वाक्य पुन्हा लिहून पाठवलं होतं. ‘सिलेक्ट प्रॉपर’ या दोन शब्दांखाली लाल रेघ, आणि समासात, दुरुस्तीवाल्यासाठी असावा, शेरा: प्रश्न नीट वाचावा.